दीड हात रडणं

रंकाळ्याच्या पल्याड, पत्र्याच्या शेडात
चंपाक्का टिपुगडे चित्रं तोडायची.
जोडायची असं कुणी म्हणत नसे. तीही नाही.
"तोडाय बसतो," म्हणायची,
आमच्याकडच्या बायका बोलतात तसं, सरळ, पुरुषासारखं.

मी अकरा वर्षांचा. काम एवढंच :
टेबलाखालचे तुकडे वेचायचे,
पाण्याच्या बादलीत टाकायचे,
आणि विडीवाल्याला दारातनं हाकलायचं,
मालक असला तरी.
फिल्म तेव्हा बारुदीची सख्खी बहीण होती.

त्याआधी ती शुक्रवार पेठेत पोलकी शिवायची.
राणीच्या झग्याची बाही ऐन वेळी उसवली
म्हणून कुणीतरी तिला टांग्यातनं आणलं.
बाही शिवून झाली. दोरा दातानं तोडताना
तारेवर लोंबणाऱ्या फिती तिनं पाहिल्या.
"ह्ये कोण बेततंय?"
बेतणारा पगार थकला म्हणून पुण्याला पळाला होता.
ती बसली, ती तेरा वर्षं उठली नाही.

यंत्र नव्हतं. दिवा, काच, कात्री.
टोक जिभेनं ओलं करायचं, ब्लेडनं खरवडायचं,
पिकल्या केळ्याच्या वासाचा डिंक लावायचा,
अंगठा दाबून तीसपर्यंत मोजायचं.
मापं मात्र तिची तिची :
हसू चार बोटं.
घोडा वेशीतनं दारात येईस्तोवर तीन हात.
रडणं दीड हात, वर एक चित्र नाही.

"पाच हात ठेवा," डायरेक्टर म्हणाले,
"मुलगी नवी आहे, झकास रडते."
अक्कानं कात्री खाली ठेवली.
"सायेब, दीड हात ती रडती.
म्होरं तिला कळतंय, आपण बघतोय त्ये.
मग आपल्यासाठी रडती. त्ये कशाला दावायचं?"
डायरेक्टर चहा प्यायला गेले.
मी साडेतीन हात रडणं बादलीत बुडवलं.

एकदा भिंग माझ्या डोळ्याला लावून म्हणाली,
"बघ. मन बदलायच्या आधी पापणी हलती.
ती लवायच्या आत काप.
म्हंजी फुडचं मन बघणाऱ्याचं."
मला ओ की ठो कळलं नाही. मी मान हलवली.
ती हसली. चार बोटं.

नावांच्या पाट्या तीच जोडायची :
सुतार, रंगारी, घोडेवाला शिंत्रे, सगळे ओळीनं.
तिची पाटी कुणी लिहून दिली नाही.
तिनं मागितली नाही.
फक्त 'समाप्त'च्या आधी
दर खेळात सहा चित्रं कोरी काळी सोडायची.
कुणाच्या ध्यानातही येत नसे, इतकीच.
"त्यो माझा," म्हणाली एकदा. "अंधार."

मग बोलपट आला.
फितीच्या कडेला आवाजाची बारीक नक्षी,
तिथं कात्री लागली की शब्द फुटतो म्हणे.
मुंबईहून यंत्र आलं, यंत्रामागं पँटवाला माणूस.
अक्कानं कात्री कमरेला खोचली,
चालत शुक्रवार पेठ गाठली
आणि परत पोलकी.
ती पोलकी, सांगतो, बगलेत कधी दाटली नाहीत.

कंपनी बुडाली तेव्हा जुने डबे वजनावर गेले,
हुपरीच्या चांदीवाल्याकडं.
फितीत चांदी असते. जाळून, धुवून, आटवून
निघते थोडीशी.
डबे धरून गाडीवर मीच बसलो होतो.
राणी, घोडा, वेशीवरची ती पहाट,
दीड दीड हात रडलेल्या सगळ्या बायका
एका मुशीत.

परत येऊन अक्काला सांगितलं.
टिपेवरनं मान न काढता तिनं विचारलं, "किती निघाली?"
"चार जोड पैंजणं होतील म्हणाला."
मशीन थांबलं.
"मुकी हुती बिचारी," म्हणाली.
"वाजतील तरी आता."

मग सुई माझ्याकडं सरकवली,
दोरा ओवायला.
डोळे तिचे त्या दिव्यानंच नेले होते.